घटक ४ : सरहद्दीवरचा सेनापती आणि मावळातले घर – तळेगावच्या दाभाडे घराण्याचा अभ्यास

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला :
• सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या कामगिरीचा आणि त्यांच्या घराण्याच्या चढउताराचा परिचय करून देता येईल.
• ‘वतन’ आणि ‘सरंजाम’ या संज्ञांमधील भेद सोदाहरण स्पष्ट करता येईल.
• उमाबाई दाभाडे यांनी पेशव्यांशी घातलेल्या वादाचे स्वरूप दोन्ही बाजूंनी मांडता येईल.
• घराण्याची परंपरा आणि समकालीन कागद यांची तुलना करून ऐतिहासिक चरित्राचे वाचन करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण बखर, करीना, शकावली आणि महजर या ऐतिहासिक गद्यप्रकारांची ओळख करून घेतली. भोरकडील मावळातल्या कारी गावच्या जेधे घराण्याचा करीना हे त्याचे उदाहरण म्हणून पाहिले. वतनाच्या कज्ज्यात आपला हक्क सिद्ध करण्यासाठी घराण्याची जी हकीकत लिहून दिली जाई, ती म्हणजे करीना. अशा लेखनात पराक्रम असतो. परंतु तो सांगण्यामागे ‘हे आमचे आहे’ हा दावाही असतो, हे तेथे आपल्या लक्षात आले.

प्रस्तुत घटकात आपण मावळातीलच दुसऱ्या एका घराण्याकडे वळू. लोणावळ्याहून लोकलने पुण्याकडे निघाले, की मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव आणि त्यानंतर तळेगाव अशी स्थानके येतात. या गावाच्या नावाला घराण्याचे नाव जोडलेले आहे : तळेगाव दाभाडे. या घराण्यातील खंडेराव दाभाडे हे छत्रपती शाहूमहाराजांचे सेनापती होते. गुजरातेत मराठ्यांच्या अंमलाचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. मात्र त्यांच्या निधनानंतर अवघ्या पंचवीस वर्षांत गुजरात घराण्याच्या हातून गेला. ज्यांना दाभाड्यांनी मुतालिक म्हणून पुढे पाठवले, त्या गायकवाडांचे राज्य मात्र बडोद्यास १९४९ पर्यंत टिकले.

असे का झाले? या प्रश्नाचे उत्तर शोधणे, हा या घटकाचा गाभा आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ मावळ : घाटमाथ्यावरची सरहद्द

सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील नद्यांच्या खोऱ्यांना मावळ म्हणतात. आजच्या मावळ तालुक्यात अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ ही खोरी येतात. डोंगर, भातखाचरे, धुवांधार पाऊस आणि घाटवाटा असे या प्रदेशाचे रूप आहे. लोणावळ्याजवळून बोरघाट कोकणात उतरतो. देशावरून बंदरांकडे जाणारा माल, वाटसरू आणि लष्कर याच वाटेने जात असे. म्हणूनच या वाटेभोवती लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना आणि राजमाची हे किल्ले उभे आहेत.

अशा प्रदेशात शेती आणि शस्त्र ही दोन स्वतंत्र कामे नसत. गावचा पाटील शेत कसून घेई, सारा गोळा करी आणि प्रसंग पडल्यास माणसे घेऊन मोहिमेवरही जाई. दाभाडे घराणे तळेगावचे. घोड्यावर बसून दूरदेशी गेलेला या घराण्यातील पुरुष मोहीम संपली की मावळात परत येई. पुढील सर्व घटना समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

४.३.२ खंडेराव : जिंजीपासून सुरतेच्या वाटेपर्यंत

१६८९ मध्ये छत्रपती संभाजीमहाराजांच्या वधानंतर राजाराममहाराज पन्हाळ्याहून निसटून दक्षिणेत जिंजीस गेले. या संकटाच्या प्रवासात दाभाडे बंधूंनी महाराजांना साथ दिली, असे घराण्याची परंपरा सांगते. त्या पिढीच्या दृष्टीने हा केवळ एक प्रवास नव्हता. राज्याची राजधानी, खजिना आणि फौज विस्कळीत झाली असताना कोण धन्याबरोबर राहिले, यावर पुढील पन्नास वर्षांची प्रतिष्ठा ठरली.

पुढे खंडेरावांच्या तलवारीला दिशा मिळाली ती बागलाण, खानदेश आणि गुजरातेची. सुरत हे मोगलांचे सर्वांत श्रीमंत बंदर आणि बुऱ्हाणपूर हे दक्षिणेचे प्रवेशद्वार. या दोहोंना जोडणाऱ्या वाटेवर व्यापाऱ्यांच्या मालाची सतत ये-जा असे. खंडेरावांनी या वाटेवर ठाणी बसवून चौथ वसूल करण्यास प्रारंभ केला. १७१६ च्या सुमारास दख्खनचा सुभेदार सय्यद हुसेन अली याने त्यांचा बंदोबस्त करण्यासाठी झुल्फिकार बेग या सरदारास पाठवले. खंडेरावांनी त्याला डोंगराळ मुलखात ओढून घेतले, कोंडीत पकडले आणि त्या लढाईत तो मारला गेला. मावळच्या खोऱ्यांत शिकलेली युद्धाची रीत त्यांनी बागलाणच्या डोंगरांत वापरली, असे म्हणता येईल.

१७१७ मध्ये शाहूमहाराजांनी त्यांना सेनापतिपद दिले. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशव्यांनी दिल्लीहून स्वराज्य, चौथ आणि सरदेशमुखी यांच्या सनदा आणल्या. दक्षिणेच्या सहा सुभ्यांवरील मराठ्यांचा हक्क त्यामुळे बादशाही कागदावर आला. गुजरात मात्र या सहा सुभ्यांत नव्हता. तेथील हक्क सनदेने मिळालेला नव्हता. तो सेनापतीच्या घोडदळाने दरवर्षी नव्याने मिळवावा लागत होता.

१७२० च्या बाळापूरच्या लढाईत खंडेरावांच्या पथकातील दमाजी गायकवाड यांनी विशेष शौर्य गाजवले आणि त्यांना ‘समशेर बहाद्दर’ हा किताब मिळाला. दमाजींनंतर त्यांचे पुतणे पिलाजी यांनी सोनगडास ठाणे केले व तेथून गुजरातेत पाय रोवले. याच काळात खंडेरावांनी मात्र इंद्रायणीच्या काठी, तळेगावजवळच्या इंदुरी येथे आपला भुईकोट बांधला. सेनापतीचा दगडी तट मावळात उभा राहिला आणि मुतालिकाचे ठाणे सरहद्दीवर.

१७२९ मध्ये खंडेरावांचे निधन झाले. त्यांची समाधी तळेगावात बनेश्वराच्या मंदिराजवळ आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) सुरत–बुऱ्हाणपूर वाटेचे महत्त्व दोन वाक्यांत सांगा.
(आ) गुजरातेतील चौथाईचा हक्क दक्षिणेच्या सहा सुभ्यांतील हक्कापेक्षा कोणत्या अर्थाने वेगळा होता?

४.३.३ वतन आणि सरंजाम

पुढील संघर्ष समजण्यासाठी दोन संज्ञा नीट समजून घेणे आवश्यक आहे.

वतन म्हणजे गावाच्या किंवा परगण्याच्या सेवेबद्दल मिळालेला वंशपरंपरागत हक्क. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी ही वतने होत. वतन बापाकडून मुलाकडे जाई, भावाभावांत वाटले जाई, गहाण पडे आणि विकलेही जाई. राजा बदलला तरी वतन सहसा टिकून राही.

सरंजाम म्हणजे फौज बाळगण्यासाठी लावून दिलेला मुलूख किंवा त्याचे उत्पन्न. तो सेवेशी बांधलेला असे. सेवा थांबली, धन्याची मर्जी गेली किंवा धारक वारला तर तो काढून घेण्याचा अधिकार सरकारास असे. सेनापतिपद हा हुद्दा होता. त्यासोबत येणारा मुलूख तत्त्वतः सरंजाम होता.

प्रत्यक्षात मात्र हा भेद पुसट होत गेला. बाप सेनापती, त्यामागून मुलगा सेनापती, अशी चाल पडली. ज्या मुलखासाठी घरातील माणसे कामी आली, तो मुलूख घराला आपला वाटू लागणे स्वाभाविक होते. तुम्ही स्वतः शेतकरी कुटुंबातील असाल, तर कसणाऱ्याच्या मनातली जमीन आणि सातबाऱ्यावरची जमीन यांत किती अंतर असू शकते, हे तुम्हांला वेगळे सांगावयास नको. दाभाडे घराण्याच्या मनात गुजरात हे वतन होते. पेशव्यांच्या हिशेबी तो सरंजाम होता. पुढचा सारा कलह या एका शब्दभेदात सामावलेला आहे.

४.३.४ त्र्यंबकराव आणि डभईची लढाई

खंडेरावांनंतर त्यांचे ज्येष्ठ पुत्र त्र्यंबकराव यांना सेनापतिपद मिळाले. त्याच सुमारास, १७३० मध्ये, चिमाजीआप्पांनी गुजरातेत उतरून तेथील मोगल सुभेदार सरबुलंदखान याच्याकडून चौथ व सरदेशमुखीचा करार करून घेतला. पेशव्यांच्या दृष्टीने हा राज्याचा लाभ होता. त्र्यंबकरावांच्या दृष्टीने तो वडिलांच्या कमाईत केलेला हस्तक्षेप होता.

त्र्यंबकरावांनी निजामाशी संधान बांधले. पिलाजी गायकवाड, कंठाजी कदमबांडे आणि उदाजी पवार हे सरदार त्यांच्या बाजूस आले. १ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळ बाजीराव पेशव्यांच्या फौजेशी त्यांची गाठ पडली. गोळी लागून त्र्यंबकराव रणातच पडले. पिलाजींचा थोरला मुलगा सयाजी हाही या लढाईत मारला गेला. एकाच छत्रपतींचे सेनापती आणि पेशवे परस्परांवर चालून गेले आणि दोन्हींकडे मराठीच माणसे पडली, ही या लढाईची खरी शोकांतिका होय.

शाहूमहाराजांनी कठोर निर्णय टाळून समेट घडवला. त्र्यंबकरावांचे धाकटे बंधू यशवंतराव यांस सेनापती आणि त्यांहून धाकट्या बाबूरावांस सेनाखासखेल केले. गुजरात दाभाड्यांकडे ठेवला. मात्र तेथील उत्पन्नाचा अर्धा हिस्सा पेशव्यांमार्फत छत्रपतींच्या खजिन्यात भरावा, असे ठरले. हा हिस्सा दाभाड्यांकडून भरला गेला नाही. वीस वर्षांनी पेशव्यांनी याच थकलेल्या अटीवर बोट ठेवले.

४.३.५ उमाबाई : घराची धुरा

यशवंतराव वयाने लहान होते. त्यामुळे सेनापतीचा शिक्का मुलाच्या नावाचा आणि कारभार आईचा, अशी स्थिती झाली. खंडेरावांच्या पत्नी उमाबाई या अभोण्याच्या ठोके देशमुखांच्या कन्या. अभोणे हे आजच्या नाशिक जिल्ह्यातील कळवण तालुक्यात आहे. त्यांना तीन मुलगे व तीन मुली होत्या. माहेरच्या त्या मुलखातील सप्तशृंगी गडाच्या पायऱ्या त्यांनी १७१० मध्ये बांधविल्याची नोंद आहे.

पतीचे निधन आणि थोरल्या मुलाचा रणात अंत, या दोन घटनांमध्ये दोन वर्षांचेही अंतर नव्हते. १७३२ मध्ये डाकोर येथे पिलाजी गायकवाडांची दगाबाजीने हत्या झाली. ही हत्या जोधपूरचा राजा आणि गुजरातचा मोगल सुभेदार अभयसिंह याच्या माणसांनी केली. तेव्हा उमाबाई स्वतः फौजेसह अहमदाबादेवर चालून गेल्या आणि तेथून खंडणी घेऊन परतल्या. परंपरेने त्यांची गणना मराठ्यांच्या इतिहासातील स्त्री-सेनानींत केली, ती या मोहिमेमुळे.

तथापि मोहीम जिंकणे आणि मुलूख सांभाळणे ही दोन वेगळी कामे आहेत. फौज परत फिरली. ठाण्यांवर राहिले ते पिलाजींचे पुत्र दमाजी. वसुली त्यांच्या हातात, शिपायांचा पगार त्यांच्या हातात आणि स्थानिक कोळी व जमीनदारांशी संबंधही त्यांचेच. तळेगावास सेनापतीचा मान होता. सोनगडास आणि बडोद्यास सत्ता होती. प्रत्येक पावसाळ्यागणिक हे अंतर वाढत गेले.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(अ) वतन व सरंजाम यांतील दोन भेद लिहा.
(आ) १७३१ च्या समेटातील कोणती अट पुढे वादाचे कारण ठरली?

४.३.६ आळंदीची भेट आणि लोहगडचा तुरुंग

डिसेंबर १७४९ मध्ये शाहूमहाराजांचे निधन झाले. दाभाड्यांना सांभाळून घेणारा आधार नाहीसा झाला. बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशव्यांनी गुजरातच्या अर्ध्या उत्पन्नाची मागणी निकराने केली. त्यामागे कारण होते. मोहिमांचा खर्च वाढला होता, पेशव्यांच्या डोक्यावर कर्ज होते आणि प्रत्येक सरदाराने आपला मुलूख आपल्याच घरात ठेवला तर मध्यवर्ती राज्य चालणार कशावर, हा प्रश्न खोटा नव्हता.

नोव्हेंबर १७५० मध्ये उमाबाई आळंदीस जाऊन पेशव्यांना प्रत्यक्ष भेटल्या. पूर्वीचा करार जुलमाने झाला, म्हणून तो आम्हांवर बंधनकारक नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पेशव्यांनी ते मानले नाही. येथे वाचक म्हणून आपण क्षणभर थांबावे. जिचा मुलगा लढाईत पडल्यानंतर ती अट घातली गेली, ती स्त्री ‘जुलूम’ हा शब्द उच्चारते, तेव्हा त्याचा अर्थ केवळ कायद्याचा राहत नाही. परंतु राज्याचा हिशेब पाहणाऱ्याला तो केवळ कायद्याच्याच अर्थाने घ्यावा लागतो. दोघेही एकाच कागदाविषयी बोलत होते आणि तो दोन रीतींनी वाचत होते.

यानंतर उमाबाई ताराबाईंच्या पक्षास मिळाल्या. दमाजी गायकवाड गुजरातेतून फौज घेऊन साताऱ्याकडे आले. वेण्णा नदीच्या परिसरात पेशव्यांनी त्यांना जेरीस आणले. बोलणी चालू असताना १७५१ च्या एप्रिलअखेर त्यांच्या छावणीवर छापा पडला. दमाजी आणि दाभाडे कुटुंबीय कैद झाले. प्रथम पुण्यात आणि मग लोहगडावर त्यांना ठेवण्यात आले.

लोहगड मळवलीजवळ आहे. इंदुरीच्या भुईकोटापासून तो एका दिवसाच्या वाटेवर आहे. ज्या घराण्याने सुरत-बुऱ्हाणपूरपर्यंत ठाणी बसवली, त्याच्या नशिबी आपल्याच मावळातल्या गडावरचा तुरुंग आला.

१७५२ मध्ये सुटका झाली ती तडजोडीने. दमाजींनी दाभाड्यांची बाजू सोडली, अर्धा गुजरात पेशव्यांना देण्याचे मान्य केले आणि उरलेल्या अर्ध्याचे ते स्वतःच्या नावाने धनी झाले. मुतालिक आता कोणाचा मुतालिक राहिला नाही. १७५३ मध्ये उमाबाईंचे पुण्यात निधन झाले. त्यांचीही समाधी तळेगावात पतीच्या समाधीपाशी आहे.

४.३.७ परंपरा आणि कागद

दाभाडे घराण्याविषयी काही प्रसंग वारंवार सांगितले जातात. डभईनंतर शाहूमहाराज स्वतः तळेगावास आले, त्यांनी बाजीरावांना उमाबाईंसमोर नतमस्तक व्हावयास लावले आणि उमाबाईंच्या हाती तलवार देऊन सूड घ्यावयास सांगितले, असा एक प्रसंग आहे. अहमदाबादच्या मोहिमेनंतर महाराजांनी उमाबाईंना सोन्याचे तोडे दिले, असा दुसरा आहे. अशा प्रसंगांचे वाचन कसे करावे?

पहिला मार्ग म्हणजे ते जसेच्या तसे खरे मानणे. दुसरा म्हणजे दंतकथा म्हणून टाकून देणे. साहित्याच्या अभ्यासकाने तिसरा मार्ग धरावा. प्रसंग घडला की नाही, हे समकालीन पत्रांवरून तपासावे. गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड त्यासाठी उपलब्ध आहेत. आणि त्याचबरोबर, लोकांना हा प्रसंग जपावासा का वाटला, हेही विचारावे. मुलगा गमावलेल्या आईपुढे विजयी पेशव्याचे मस्तक झुकावे, ही लोकमनातील न्यायाची कल्पना आहे. तह तिला तो न्याय देऊ शकला नाही; गोष्टीने दिला. म्हणून कागदातून आपल्याला घटना कळते आणि परंपरेतून त्या घटनेची लोकांनी केलेली किंमत कळते. दोहोंचे काम वेगळे आहे. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये.

४.४ सारांश

खंडेराव दाभाडे यांनी संकटकाळात राज्याची सेवा करून आणि गुजरातच्या सरहद्दीवर ठाणी बसवून सेनापतिपद मिळवले. त्यांचे घर मावळात राहिले; सरहद्दीवर त्यांचे मुतालिक वसले. त्र्यंबकराव डभईच्या लढाईत पडले. उमाबाईंनी वीस वर्षे घराण्याचा हक्क लढवला. परंतु एकीकडे पेशव्यांची मध्यवर्ती सत्ता आणि दुसरीकडे गायकवाडांची प्रत्यक्ष वहिवाट, या दोहोंमध्ये तो हक्क उरला नाही. सनद देणारा छत्रपती आणि जमिनीवर वसलेला माणूस, या दोघांपैकी एक तरी आपल्या बाजूस असल्यावाचून सरहद्द टिकत नाही. शाहूमहाराजांच्या निधनाने पहिला आधार गेला आणि दमाजींच्या तडजोडीने दुसरा. उरले ते तळेगावचे नाव, इंदुरीचा तट आणि बनेश्वरापाशी समाध्या.

४.५ शब्दसूची

चौथ – मुलखाच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा म्हणून घेतली जाणारी वसुली.
सरदेशमुखी – उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाचा हक्क.
मुतालिक – धन्याच्या वतीने कारभार पाहणारा प्रतिनिधी.
सेनाखासखेल – सेनापतीच्या खालोखालचा लष्करी किताब.
भुईकोट – सपाटीवर बांधलेला किल्ला.
वहिवाट – प्रत्यक्ष ताबा व उपभोग.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) ही वाट सुरत बंदरास दक्षिणेच्या प्रवेशद्वाराशी जोडत होती. तिच्यावरील व्यापारी मालामुळे मोठी वसुली शक्य होई. (आ) सहा सुभ्यांतील हक्कास १७१९ ची बादशाही सनद होती. गुजरातेतील हक्क फौजेच्या बळावर उभा होता.
प्रश्न २ : (अ) वतन वंशपरंपरागत असे, तर सरंजाम सेवेशी बांधलेला असे, वतन वाटता वा विकता येई, तर सरंजाम सरकार काढून घेऊ शके. (आ) गुजरातच्या उत्पन्नाचा अर्धा हिस्सा पेशव्यांमार्फत छत्रपतींच्या खजिन्यात भरण्याची अट.

४.७ स्वाध्याय आणि उपक्रम

१. ‘दाभाडे-पेशवे कलह हा एका शब्दाच्या दोन अर्थांचा कलह होता.’ या विधानाची चर्चा ३०० शब्दांत करा.
२. आळंदीच्या भेटीतील दोन्ही पक्षांचे म्हणणे प्रत्येकी एका परिच्छेदात लिहा. आपला कल शेवटच्या दोन वाक्यांतच व्यक्त करा.
३. उपक्रम : तुमच्या घरात किंवा गावात एखाद्या लढाईवर गेलेल्या पूर्वजाविषयी जी हकीकत सांगितली जाते, ती घरातील ज्येष्ठ व्यक्तीकडून ऐकून त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. त्याविषयी एखादा कागद, ताम्रपट, पदक वा समाधिशिला उपलब्ध असल्यास त्यावरील मजकूर स्वतंत्र उतरवा. दोहोंत कोठे मेळ आहे आणि कोठे नाही, याची एका पानाची टिपणी संपर्कसत्रास येताना सोबत आणा. सांगणाऱ्या व्यक्तीने एखादी गोष्ट वगळली असे वाटल्यास ती विचारण्यापूर्वी तिची परवानगी घ्या.